ऑपरेशन पाहताना चक्कर आली तर?

प्रश्न : मी एमबीबीएसला आहे. आमच्या मॅडमसोबत गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन पाहायला पहिल्यांदाच थिएटरमध्ये जाणार आहे. चक्कर येईल अशी भीती वाटते. काय तयारी करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : पोटभर नाश्ता करून जा. उपाशीपोटी, गरम गाऊनमध्ये ताटकळत उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. अधूनमधून पायाची बोटं, पोटऱ्या हलवत राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘मॅडम, बसते’ म्हणून मागे सरका आणि तिथेच खाली बसा. मॅडम रागावणार नाहीत. टेबलावर कोसळलात तर मात्र रागावतील! हिरव्या-निळ्या निर्जंतुक कापडांपासून लांब राहा, चुकून हात लागला तर लगेच सांगा.

आता पाहायचं काय? आदल्या रात्री ओटीपोटाची शरीररचना वाचा, विशेषतः गर्भाशयाची धमनी आणि मूत्रवाहिनी. गर्भाशयमुखाच्या बाजूला, जेमतेम दोन सेंटिमीटरवर, धमनी मूत्रवाहिनीच्या वरून जाते. धमनी बांधताना मॅडमचा हात तिथे मंदावेल. नेमकं तेव्हाच नीट बघा. प्रश्न मात्र टाके घालताना विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ऑपरेशनपूर्वी वॉर्डात जाऊन त्या बाईंना भेटा, नाव सांगा, थांबू का असं विचारा. भुलीखाली असताना शिकण्यासाठी अंतर्गत तपासणी करायची असेल, तर त्यासाठी त्यांची वेगळी, स्पष्ट संमती हवी. ती नसेल तर कोणीही सांगितलं तरी नम्रपणे नकार द्या.