टप्प्याला साल लावून ठेव

पोरी, विकिपीडियावरचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या टप्प्यांचा मराठी लेख तू सुधारायला घेतलायस हे कळलं, फार बरं वाटलं. तुझा झपाटा मला ठाऊक आहे. एका रात्रीत सगळा लेख उलटापालटा करून सकाळच्या चहाला घरभर दाखवत फिरशील. पण जरा दमानं घे. हा लेख वाचणार कोण, ते आधी डोळ्यांपुढे आण. सासूची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओपीडीच्या बाकावर बसलेली सून. कागदाच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी पेनानं रोमन आकडा आणि अक्षर लिहिलंय, आणि ती ते मोबाइलवर शोधतेय. आत नंबर पुकारला जाईपर्यंत तिच्या हाताशी तुझाच लेख आहे.

१. टप्प्याचं नाव आलं की शेजारी साल लिही — फिगोच्या २००९ च्या यादीत १बी२ म्हणजे ४ सेंटिमीटरहून मोठी गाठ होती. २०१८ च्या यादीत १बी२ म्हणजे २ हून मोठी, पण ४ पर्यंतचीच, आणि त्याहून मोठी ती १बी३. नाव तेच, बाई वेगळी. बिनसालाचा टप्पा, बिनगावाचा पत्ता.

२. फिगो म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, हे लेखात पहिल्यांदा नाव येईल तिथंच सांगून टाक — सुनेला ते औषधाचं नाव वाटू शकतं.

३. जुन्या अभ्यासातला टप्पा नव्या यादीत बसवायला जाऊ नकोस. टाटा मेमोरियलमध्ये ३बी टप्प्याच्या ८५० बायकांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या, सोबत सिस्प्लॅटिन हे औषध दिलं त्या गटात ५४ टक्के. हा निकाल २०१८ साली छापून आला, तरी बायका २००३ ते २०११ मधल्या, म्हणजे ३बी जुन्या यादीतलं. तेवढं कंसात लिहून पुढं जा — छापल्याचं साल आणि टप्पा ठरल्याचं साल एकच असेल असं नाही.

४. सीमेवरचा आकडा कुठल्या घरात जातो ते दोनदा बघ. २०१८ ची यादी पहिल्यांदा छापली तेव्हा नेमकी ३ मिलिमीटर खोली १ए२ मध्ये जात होती. २०१९ च्या शुद्धिपत्रानं ती १ए१ मध्ये आणली. आता ३ पर्यंत १ए१, ३ च्या पुढे ५ पर्यंत १ए२, आणि गाठीचे २ व ४ सेंटिमीटरही त्याच रीतीनं खालच्या घरात — इंटरनेटवरचे कितीतरी तक्ते शुद्धिपत्राआधीचे आहेत, आणि दिसायला ते अगदी नीटनेटके असतात.

५. खोली मिलिमीटरमध्ये, गाठ सेंटिमीटरमध्ये. एकक प्रत्येक रकान्यात पुन्हा लिही — मोबाइलवर तक्ता सरकवला की वरचं शीर्षक दिसेनासं होतं.

६. सात मिलिमीटर रुंदीची जुनी अट दिसली तर ती इतिहासाच्या भागात हलव, पुसू नकोस — २०१८ पासून रुंदी मोजून टप्पा ठरत नाही, पण २०१८ आधीचा रिपोर्ट ज्या घरात आहे, त्यांना ती अट लागेल.

७. कुणी चुकीचं लिहिलंय असं वाटलं की लेखाचा इतिहास उघड आणि तारीख बघ — त्या माणसानं बहुतेक त्या वर्षी बरोबरच लिहिलं होतं, यादी नंतर बदलली. चर्चा पानावर त्याला तसंच सांग, मग बदल कर. गोड बोलून केलेली दुरुस्ती टिकते.

८. ‘सीआयएन ३’ म्हणजे तिसरा टप्पा नव्हे, हे अगदी वर, पहिल्या दोन परिच्छेदांत लिही — तो कर्करोगाआधीचा पेशींतला बदल आहे, आणि तीनचा आकडा बघून माणसं हाय खातात. फिगोच्या यादीत आता शून्य टप्पाही नाही, तेही तिथंच उरकून टाक.

९. ३सी नीट उलगडून सांग, इथं घाई करू नकोस. ओटीपोटातल्या लसिका गाठींत रोग पोचला की ३सी१, महारोहिणीलगतच्या गाठींत पोचला की ३सी२. पुढे कंसातला ‘आर’ म्हणजे हे स्कॅनवर दिसलं, ‘पी’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झालं — पेनानं लिहिलेलं ते इवलंसं अक्षर सुनेला कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

या ३सी बद्दल अजून एक सांगते. २०१८ आधी लसिका गाठींवरून टप्पा बदलत नव्हता. त्यामुळे गर्भाशयमुखात लहानशी गाठ आणि ओटीपोटात एक बाधित लसिका गाठ असलेली बाई तेव्हा पहिल्या टप्प्यात मोजली जायची; आज ती थेट ३सी१. म्हणजे पहिल्या टप्प्यातून जरा जास्त आजारी बायका बाहेर पडल्या, आणि तिसऱ्यात जरा कमी आजारी बायका आल्या. परिणाम असा की दोन्ही टप्प्यांची हयातीची टक्केवारी वर गेलेली दिसते, आणि उपचार मात्र तेच! मोठ्या रुग्णनोंदींत तर ३सी१ मधल्या बायका ३ए आणि ३बी मधल्यांपेक्षा जास्त जगलेल्या आढळल्या आहेत.

१०. म्हणून दोन सालांची टक्केवारी एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडू नकोस — नसलेली प्रगती दिसेल, आणि ३सी१ वाचून एखादीला नसलेलं संकटही दिसेल.

११. टप्पा कशानं बदलत नाही, त्याची वेगळी छोटी यादी कर. रोग गर्भाशयाच्या वरच्या भागात चढला, बारीक रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या, मूत्राशयाच्या अस्तरावर फोडांसारखी सूज दिसली, तरी एवढ्यावरून टप्पा वाढत नाही. रोग उलटला तरी मूळ टप्पा तोच राहतो — रिपोर्टात हे शब्द येतात आणि घरचे लोक मनानंच एक पायरी वर चढवतात. शंका असेल तर खालचा टप्पा धरायचा, हा फिगोचाच नियम आहे.

१२. एमआरआय नसेल तर टप्पा ठरत नाही, असं वाचकाला वाटेल असं वाक्य ठेवू नकोस. २०१८ च्या यादीनं स्कॅनला आणि सूक्ष्मदर्शकाला जागा दिली, पण स्कॅन सक्तीचं केलं नाही — तालुक्याच्या गावी डॉक्टरच्या बोटांनी केलेली तपासणी आजही मोलाची आहे.

१३. टप्पा का महत्त्वाचा, ते आपल्या मातीतल्या आकड्यांनी सांग. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या बायकांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात १२७ जणींना कर्करोग निघाला, पण दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यात त्यातल्या ३९. चाचणी न झालेल्या गटात ११८ पैकी ८२. या कर्करोगानं मृत्यू ३४ आणि ६४. दोन्ही गटांत तीस हजारांहून जास्त बायका होत्या, हे सोबत लिही — गटाचा आकार कळल्याशिवाय नुसत्या आकड्याचं वजन कळत नाही.

१४. उपचार सांगायचा मोह आवर, पण टप्प्यामागचं कारण जरूर दे. दोन सेंटिमीटरची रेघ आली ती लहान गाठीत रोग उलटण्याचा धोका कमी असतो म्हणून, आणि मूल हवं असलेल्या काही जणींचं गर्भाशय राखून फक्त मुख काढता येतं म्हणून — कारण कळलं की आकडा लक्षात राहतो, आणि डॉक्टरांना काय विचारायचं तेही सुचतं.

१५. आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर लिही, एका वेळी तक्त्याची एकच ओळ बदल, आणि काय बदललं ते सारांशात लिहून ठेव — काही बिघडलं तर तेवढीच ओळ मागं घेता येते, दुसऱ्याची मेहनत त्यात वाहून जात नाही.

१६. लेख झाला की कर्करोगाच्या डॉक्टरकडून तपासून घे, आणि मग वैद्यकाशी संबंध नसलेल्या एका बाईला वाचायला दे — डॉक्टरला चुका दिसतील, तिला अडखळण्याच्या जागा.

आज रात्री एवढंच कर: १ए२ ची ओळ उघड, ‘३ मिलिमीटरपेक्षा जास्त, ५ मिलिमीटरपर्यंत’ असं आहे का बघ, आणि पुढे २०१८ लिही. बाकीचा तक्ता उद्या.