कप आला, पण लीग गेली : विगनच्या २०१२-१३ हंगामातून शिकताना



मागच्या महिन्यात पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर एक कोडं लिहिलं.

"एका संघाने शनिवारी देशातला सगळ्यात जुना कप जिंकला. तीनच दिवसांनी, मंगळवारी, त्याच संघाला वरच्या श्रेणीतून खाली उतरावं लागलं. हे कसं काय शक्य आहे?"

मुलांची उत्तरं मजेशीर होती. "सर, चिटिंग पकडली असेल." "सर, कप चोरीला गेला असेल." एक मुलगा म्हणाला, "शनिवारी जिंकले म्हणून रविवारी झोपले असतील." मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र जरा विचार करून म्हणाली, "सर, परीक्षा दोन होत्या का?"

बरोब्बर! परीक्षा दोन होत्या. त्या दोन परीक्षांचीच ही गोष्ट. पाठ घेतला गणित आणि शारीरिक शिक्षणाचा, पण शेवटी तो मलाच काहीतरी शिकवून गेला, म्हणून इथे लिहितोय.

आधी थोडी उजळणी

डी.एड.ला आपण सगळ्यांनी स्पर्धांच्या दोन पद्धती पाठ केल्यात : साखळी पद्धत आणि बाद पद्धत. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये या दोन्ही एकाच हंगामात शेजारी शेजारी चालतात.

साखळी म्हणजे लीग. सगळ्यात वरच्या श्रेणीचं नाव प्रीमियर लीग. त्यात २० संघ. प्रत्येक संघ बाकीच्या १९ संघांशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाचे ३८ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. ऑगस्ट ते मे अशी ही परीक्षा चालते. शेवटी तळातले तीन संघ खालच्या श्रेणीत जातात आणि खालून तीन वर येतात.

बाद पद्धत म्हणजे कप. त्यातला एफए कप १८७१ साली सुरू झाला. हरलात की घरी. छोट्या गावातला हौशी संघसुद्धा यात भाग घेऊ शकतो. प्रीमियर लीगचे संघ तिसऱ्या फेरीत उतरतात, तेव्हा ६४ संघ उरलेले असतात. तिथून सहा फेऱ्या जिंकल्या की कप तुमचा. त्या काळी सुरुवातीच्या फेऱ्यांत सामना बरोबरीत सुटला, तर दुसऱ्या संघाच्या मैदानावर तो पुन्हा खेळवत.

थोडक्यात, लीग विचारते, "वर्षभर कसे होतात?" आणि कप विचारतो, "आज कसे आहात?"

विगन कोण?

विगन हे मँचेस्टरजवळचं एक गाव. एकेकाळी कोळशाच्या खाणींचं. गावाचं खरं प्रेम रग्बीवर. विगन अॅथलेटिक हा फुटबॉल क्लब १९३२ साली निघाला आणि २००५ साली पहिल्यांदा प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. क्लबचे मालक डेव्ह व्हेलन हे स्वतः जुने खेळाडू. १९६० च्या एफए कप अंतिम सामन्यात ब्लॅकबर्नकडून खेळताना त्यांचा पाय मोडला होता. प्रशिक्षक होते स्पेनचे रॉबर्टो मार्टिनेझ, जे आधी याच क्लबकडून खेळले होते.

पैसा कमी, गर्दी कमी. तरी दरवर्षी हा संघ कसाबसा तरून जायचा. आदल्या हंगामात तर शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून, त्यात मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनललाही हरवून, ते वाचले होते. आपल्या वर्गात कसा एखादा मुलगा वर्षभर निवांत असतो आणि मार्चमध्ये जागा होऊन पास होतो, तसंच. पण दरवर्षी मार्च धावून येतोच असं नाही!

कपातली वाटचाल

२०१२-१३ च्या एफए कपात विगनची सुरुवात साधीच झाली. तिसऱ्या श्रेणीतल्या बोर्नमथशी घरच्या मैदानावर १-१ बरोबरी, मग त्यांच्या गावी जाऊन १-० विजय. पुढे पाचव्या श्रेणीतल्या मॅकल्सफील्डवर १-० आणि दुसऱ्या श्रेणीतल्या हडर्सफील्डवर ४-१. उपांत्यपूर्व फेरीत मात्र कमाल केली. प्रीमियर लीगमधल्या एव्हर्टनला त्यांच्याच मैदानावर ३-० ने हरवलं, आणि तिन्ही गोल पहिल्या अर्ध्यात, काही मिनिटांच्या अंतराने! उपांत्य फेरीत मिलवॉलवर २-०.

११ मे २०१३. वेम्बली मैदान. समोर मँचेस्टर सिटी, म्हणजे आदल्या वर्षीचा लीग विजेता. याच सिटीने त्या हंगामात लीगमध्ये विगनला दोन्ही वेळा हरवलं होतं, एकदा २-० आणि एकदा १-०. दुसरा पराभव तर अंतिम सामन्याच्या महिनाभर आधीचा.

तेव्हा मी डी.एड. होऊन नोकरीच्या शोधात होतो. रूममेटला फुटबॉलचं वेड, त्यामुळे रात्री त्याच्यासोबत हा सामना बघत बसलो होतो. विगनचा तरुण खेळाडू कॅलम मॅकमॅनमन सिटीच्या बचावफळीला नुसता पळवत होता. ८४ व्या मिनिटाला त्याला पाडल्याबद्दल सिटीच्या झाबालेटाला दुसरं पिवळं आणि मग लाल कार्ड मिळालं. तरी गोल काही होईना. नव्वद मिनिटं संपली. भरपाईच्या वेळेत कॉर्नर मिळाला. शॉन मलोनीने तो घेतला आणि बेन वॉटसनने डोक्याने चेंडू जाळ्यात टाकला. १-०. कप विगनचा!

हा वॉटसन दहाच मिनिटं आधी बदली खेळाडू म्हणून आत आला होता. आणि आदल्या नोव्हेंबरमध्ये त्याचा पाय मोडला होता. ५३ वर्षांपूर्वी याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाय मोडलेले व्हेलन हे सगळं डोळ्यांनी बघत होते. ही गोष्ट सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, एवढी शांतता होती.

आणि मग मंगळवार

अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी, ७ मे रोजी, विगन घरच्या मैदानावर स्वान्सीकडून ३-२ ने हरलं होतं. म्हणजे कप उचलला तेव्हाही डोक्यावर टांगती तलवार होतीच. १४ मे रोजी लंडनमध्ये आर्सेनलशी सामना होता. मलोनीने फ्री किकवर गोल करून १-१ केलं, तेव्हा क्षणभर आशा वाटली. शेवटी आर्सेनल ४-१ ने जिंकलं. आठ वर्षांनी विगन प्रीमियर लीगमधून बाहेर. एकाच हंगामात एफए कप जिंकणारा आणि वरच्या श्रेणीतून खाली जाणारा हा पहिलाच संघ.

गणिताचा तास : तक्ता काय सांगतो?

आता खरा पाठ. मुलांना हा तक्ता लिहून दिला.

विगन (१८ वा क्रमांक) : सामने ३८, विजय ९, बरोबरी ९, पराभव २०, गोल केले ४७, गोल खाल्ले ७३

संडरलंड (१७ वा क्रमांक, वाचलेला संघ) : सामने ३८, विजय ९, बरोबरी १२, पराभव १७, गोल केले ४१, गोल खाल्ले ५४

गुण मुद्दाम दिले नाहीत, ते मुलांनीच काढायचे.

विगन : ९ × ३ + ९ × १ = ३६
संडरलंड : ९ × ३ + १२ × १ = ३९

यावर विचारलेले प्रश्न :

१) दोन्ही संघांचे विजय किती? (सारखेच! नऊ-नऊ.)
२) मग फरक कशामुळे पडला? (तीन बरोबऱ्यांमुळे.)
३) जास्त गोल कुणी केले? (विगनने, सहा जास्त.)
४) तरी विगन खाली का गेलं? (कारण ७३ गोल खाल्ले. गोलफरक ४७ − ७३ = −२६. संडरलंडचा ४१ − ५४ = −१३.)
५) विगनने हरलेले तीन सामने बरोबरीत सोडवले असते तर वाचले असते का? (गुण ३९-३९ झाले असते, पण अशा वेळी गोलफरक बघतात. तिथे विगन बरंच मागे होतं.)

शून्यापेक्षा लहान संख्या पाचवीला थोडी अवघड जाते. तिथे मी "२६ गोलांचं कर्ज" असं म्हटलं, मुलांना लगेच समजलं.

जोडीला एक छान कोडं घाला. २० संघांची लीग खेळवायची तर एकूण सामने किती? (२० × ३८ ÷ २ = ३८०.) आणि २० संघांची बाद स्पर्धा घ्यायची तर? मुलं फेऱ्या पाडून मोजत बसतात. मग सांगा, प्रत्येक सामन्यात एकच संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरतो, म्हणजे १९ जण घरी पाठवायला १९ सामने! चेहरे बघण्यासारखे होतात.

याच्या अगदी उलटी गोष्ट

त्याच हंगामात ब्रॅडफर्ड सिटी नावाचा चौथ्या श्रेणीतला संघ दुसऱ्या एका स्पर्धेत, लीग कपात, थेट अंतिम फेरीत पोहोचला. वाटेत त्यांनी विगनला पेनल्टीवर हरवलं, आर्सेनललाही पेनल्टीवर हरवलं. अंतिम सामन्यात मात्र स्वान्सीकडून ५-० असा सडकून पराभव. पण मे महिन्यात, विगन खाली गेल्यावर चारच दिवसांनी, ब्रॅडफर्ड प्लेऑफचा सामना जिंकून वरच्या श्रेणीत गेलं.

एकाला कप मिळाला आणि श्रेणी गेली. दुसऱ्याचा कप गेला आणि श्रेणी मिळाली. वर्गाला विचारलं, "तुम्हाला कोण व्हायला आवडेल?" अर्धा वर्ग विगन, अर्धा वर्ग ब्रॅडफर्ड. भांडण घंटा होईपर्यंत चाललं, आणि मी ते मिटवलं नाही.

हे मला का आठवलं?

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने केंद्रस्तरावर वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला. शाळेत टाळ्या, फोटो, गावाच्या ग्रुपवर अभिनंदन. मीही छाती फुगवून फिरलो. वार्षिक निकालाला मात्र ती गणितात मागे राहिली. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, त्यामुळे पुनर्परीक्षेची वेळ आली. तिचे वडील शाळेत आले. हातात निकालपत्रक. म्हणाले, "सर, ते बक्षीस काय चाटायचंय का? पोरगी ढ आहे हे आधी का नाही सांगितलं?"

ती बाजूलाच उभी होती. मान खाली.

मी त्यांना म्हणालो, "दादा, ती ढ नाही." हे उत्तर खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की भागाकारात ती अडते हे मला दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत ते लिहिलेलंही होतं. पण बक्षिसाच्या कौतुकात मी ते ना तिच्याशी नीट बोललो, ना घरी सांगितलं. लीगचा तक्ता दर आठवड्याला सगळ्यांसमोर असतो. मे महिन्यात विगनच्या लोकांना वाईट वाटलं, पण धक्का बसला नसणार. या वडिलांना मात्र धक्का बसला, कारण त्यांना तक्ता दाखवलाच नव्हता. चूक माझी होती.

विगनच्या हंगामातून मी एवढंच घेतलं : कपाचे गुण लीगच्या तक्त्यात धरले जात नाहीत, आणि लीगमधल्या वीस पराभवांमुळे कप परत मागितला जात नाही. दोन्ही खरे. एकाने दुसरं झाकायचं नाही आणि एकाने दुसरं पुसायचंही नाही.

म्हणून यंदापासून पालकभेटीत मी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. "या दिवशी हिने हे करून दाखवलं" ही एक. "वर्षभरात इथे इथे अडखळते, आणि त्यासाठी आपण हे करतोय" ही दुसरी. आणि दुसरी गोष्ट निकालाच्या दिवसापर्यंत राखून ठेवत नाही. पालकांनाही विनंती आहे, मुलाला एका पेपरवरून नाव ठेवू नका आणि एका बक्षिसावरून निश्चिंतही होऊ नका.

ती मुलगी पुनर्परीक्षेत पास झाली. आता सहावीत आहे. भागाकार अजून सावकाश करते, पण करते.

जाता जाता

खाली गेल्यावर विगनचं काय झालं, हे मुलांनी विचारलंच. मार्टिनेझ एव्हर्टनला गेले. पण कप जिंकल्यामुळे दुसऱ्या श्रेणीतला हा संघ पुढच्या हंगामात युरोपा लीगमध्ये खेळला. आणि मार्च २०१४ मध्ये एफए कपाच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा समोर आलं मँचेस्टर सिटी, या वेळी त्यांच्याच मैदानावर. निकाल? विगन २-१ ने जिंकलं!

वर्गात हे सांगितलं तेव्हा विगनवाले आणि ब्रॅडफर्डवाले दोघेही ओरडले.

तुमच्या वर्गासाठी उपक्रम : शाळेतल्या खो-खो किंवा लंगडीच्या चार संघांची आधी साखळी घ्या, मग बाद स्पर्धा घ्या. तक्ता मुलांनीच भरायचा. दोन्हीकडे विजेता एकच येतो का ते बघा, आणि वेगळा आला तर "मग खरा चांगला संघ कोणता?" हा प्रश्न विचारून गप्प बसा. बाकीचं मुलं बोलतात. अनुभव जरूर कळवा.