पडद्यावरची लेखणी : ओळख आणि निवड



पाटी गेली, वही आली; आता वहीच्या जोडीला लिहिता येणारे ई-वाचक आणि टॅबलेट आले आहेत. त्यांच्या लेखणीला स्टायलस म्हणतात. दिसायला सगळ्या लेखण्या सारख्या, पण त्यांचे काम चालते ते तीन निरनिराळ्या तत्त्वांवर. ती आपण समजून घेऊ.

१) साधी लेखणी : आपले शरीर वीजवाहक आहे. बोट टेकताच पडद्यावरील त्या जागेचा विद्युतभार बदलतो आणि स्पर्श कळतो. रबरी टोकाची लेखणी बोटाचीच नक्कल करते. ती स्वस्त असते, बॅटरी लागत नाही. मात्र टोक जाड असते, हाताचा दाब कळत नाही आणि तळहात टेकला तर तोही उमटतो.

२) अनुनादाची लेखणी : सतारीची मुख्य तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा आपोआप झंकारतात. यालाच अनुनाद म्हणतात. जपानच्या वॅकॉम कंपनीच्या लेखणीत हेच तत्त्व आहे. पडद्याखालच्या पत्र्यातील तारा चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. लेखणीतले तारेचे वेटोळे त्यातून ऊर्जा घेते आणि उलट संदेश पाठवते. म्हणून हिला बॅटरी लागत नाही. टोक टेकण्याआधीच तिची जागा कळते, दाबही कळतो. गॅलक्सी नोट (२०११), रिमार्केबल २ (२०२०) आणि किंडल स्क्राइब (२०२२) यांत हीच पद्धत आहे.

३) सक्रिय लेखणी : ही स्वतःच विद्युतसंदेश सोडते आणि स्पर्शाचा पडदाच तो टिपतो. खाली वेगळा पत्रा लागत नाही, पण लेखणी चार्ज करावी लागते. ॲपल पेन्सिल (२०१५) या जातीची. अनेक कंपन्यांची संदेशाची भाषा वेगवेगळी असल्याने एकीची लेखणी दुसरीकडे सहसा चालत नाही.

एकाच कंपनीतही हा फरक पडू शकतो. रिमार्केबलने २०२४ मध्ये पेपर प्रो हे उपकरण सक्रिय लेखणीसह आणले. त्यावर रिमार्केबल २ ची लेखणी चालत नाही. तात्पर्य, लेखणी कोणती चालेल हे पडदा ठरवतो.

म्हणून पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी खरेदीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : लेखणी कोणत्या जातीची आहे? हरवल्यास दुसरी केवढ्याला मिळेल? झिजलेले टोक बदलता येते का? वर्गात तीस मुलांच्या लेखण्या रोज चार्ज करणे सोपे नाही, हेही ध्यानात घ्यावे. आणि दुकानातच मुलाला तळहात टेकवून ‘सर्वांनी’ हा शब्द लहान अक्षरांत लिहायला सांगावे. रफार आणि अनुस्वार वेगवेगळे उमटले, तर ती लेखणी आपल्या मराठीच्या उपयोगाची.

स्वाध्याय
१) अनुनादाच्या लेखणीला बॅटरी का लागत नाही?
२) लाकडी पेन्सिलीने मोबाईलचा पडदा चालतो का? घरी करून पाहा.