बाटली देखणी, बूच दुबळं

भेट आलेली व्हिस्कीची बाटली जितकी देखणी, तितकी ती लवकर उघडावी, हे आमच्या घराने एक बाटली गमावून शिकलेलं शहाणपण आहे.

मेहुण्यांनी परदेशातून चिनी मातीची, जहाजाच्या आकाराची बाटली आणली होती. थोरल्याच्या लग्नात उघडू म्हणून ती वर्षानुवर्षं शोकेसमध्ये राहिली. उघडताना बूच तुटून त्याचा भुगा आत पडला आणि व्हिस्की निघाली जेमतेम निम्मी. पहिला संशय गेला बिचाऱ्या पुतण्यावर. वरचं सील शाबूत होतं हे नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं. बूच सुकून आकसलं होतं आणि त्याच्या फटीतून व्हिस्की हळूहळू उडून गेली होती. काचेची बाटली असती तर पातळी खाली गेलेली वेळीच दिसली असती.

वेगळ्या आकाराला माझा विरोध नाही. जॉनी वॉकरची चौकोनी बाटली खोक्यात नीट बसते आणि कमी फुटते. जपानच्या हिबिकीचे 24 पैलू तिथल्या पारंपरिक वर्षातल्या 24 ऋतुविभागांचे आहेत. पण दोन्ही बाटल्या काचेच्या, आतलं दिसू देणाऱ्या.

मातीची बाटली हाती आली की स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करा आणि तळाला तारखेसह लिहून चिकटवा. 100 मिलिलिटर व्हिस्कीचं वजन साधारण 95 ग्रॅम भरतं, त्यामुळे किती उडाली ते कळतं. बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर कडक मद्याने बूच कुजतं. बूच तुटलंच तर व्हिस्की मलमलच्या फडक्यातून गाळून स्वच्छ काचेच्या बाटलीत भरा. मात्र जुन्या सजावटी बाटल्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं. तिथे वर्षानुवर्षं राहिलेली व्हिस्की गाळून नव्हे, ओतूनच द्यावी.

‘ठेवली की मुरते’ हा समजही सोडा. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. लेबलवरची 12 वर्षं पिंपातली असतात. बाटलीत ती 30 वर्षं राहिली तरी बाराचीच.

देणाऱ्यांनाही एक सांगणं. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात आणि वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे, तेव्हा माणूस आणि गाव पाहून भेट निवडा. देताना “यंदाच उघडा” असं बजावूनही सांगा. शोकेसला रिकामी बाटलीसुद्धा तितकीच शोभते.