कल्पनेतील साप व परिसरातील साप
(इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासासाठी पाठ-टिपण)

प्रस्तावना

खेड्यातील मूल शाळेत येते, तेव्हा सापाविषयी पुष्कळ काही ऐकूनच आलेले असते. नाग डूख धरतो, त्याच्या फण्यात मणी असतो, धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, मांडुळास दोन तोंडे असतात, असे त्याच्या मनातील प्राणिविश्व असते. गोष्टी म्हणून या कल्पना रंजक आहेत. परंतु दंश झाल्यावर याच कल्पना रुग्णास दवाखान्याऐवजी मांत्रिकाच्या दारी नेतात. 2000 ते 2019 या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. म्हणून हा पाठ केवळ माहितीचा नसून जीवरक्षणाचा आहे.

पूर्वज्ञान

फळ्यावर ‘ऐकलेले’ व ‘पाहिलेले’ असे दोन रकाने आखावेत आणि मुलांची उत्तरे त्यांत लिहावीत. पहिला रकाना लवकर भरतो, दुसरा बराच रिकामा राहतो. हा फरक मुलांच्याच नजरेस आणून द्यावा. कोणत्याही उत्तरास हसू नये. ते घरातील वडीलधाऱ्यांकडून आलेले असते, आणि घराचा उपहास झाला की मूल शाळेचे ऐकेनासे होते.

विषयविवेचन

1. कल्पनांची पारख : साप मांसाहारी आहे, दूध हे त्याचे अन्न नव्हे. धामणीचे दात आत वळलेले असतात व तिला चोखता येत नाही. ती गोठ्यात येते ती उंदरांसाठी. मांडुळाची शेपटी बोथट असते व भ्याल्यावर ते ती वर उचलते, म्हणून दुसरे तोंड असल्याचा भास होतो. माणूस ओळखून सूड घ्यावा एवढी स्मृती सापास नसते. धामण व मांडूळ दोन्ही बिनविषारी असून पिकाचे राखणदार आहेत. मांडूळ पकडणे वा विकणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

2. खरा धोका : भारतात सापांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत, परंतु बहुतेक प्राणघातक दंश चार जातींचे असतात. नाग फणा काढतो. घोणसाच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या रांगा असतात व तो शिटीसारखा फूत्कार करतो. फुरसे लहान असून खवले घासून करवतीसारखा आवाज काढते. मण्यार काळसर असून अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. ती रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्यास चावते. दंशाच्या जागी वेदना वा सूज फारशी नसते. पुढे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. पहाटे मुलाचे पोट दुखत असून त्याच्या पापण्या जड झाल्या असतील, तर मण्यारीच्या दंशाची शंका घ्यावी.

3. मंत्र लागू पडल्याचे का वाटते : एका पिशवीत दहा चिठ्ठ्या घालाव्यात. सातांवर ‘बिनविषारी’, तीनांवर ‘विषारी’ लिहावे. (ही संख्या केवळ उदाहरणादाखल आहे.) एक मूल मांत्रिक होऊन प्रत्येक चिठ्ठीवर मंत्र म्हणेल. दहापैकी सात रुग्ण काहीही न करता बरे होतील आणि श्रेय मंत्रास जाईल. विषारी साप चावूनही कधी कधी विष सोडत नाही. तेही यश मंत्राच्याच खाती जमा होते. उरलेल्यांच्या बाबतीत ‘आयुष्यच तेवढे होते’ असे म्हटले जाते. ही गणिताची चूक मुलांना स्वतःच सापडू द्यावी. दंश झालेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा 2013 च्या जादूटोणा प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही सांगावे.

4. विंचू : माळवदाच्या जुन्या घरांत, दगडमातीच्या भिंतींत व सरपणात विंचू आढळतो. लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलास दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसल्यास जीवास धोका असतो. जालना जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात संशोधन करून ‘प्राझोसिन’ हे औषध विंचूदंशावर उपयुक्त असल्याचे दाखविले. त्यामुळे असंख्य रुग्ण वाचले. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. हे उदाहरण आवर्जून द्यावे.

फळ्यावरील टिपण : सर्पदंश झाल्यास

रुग्णास धीर द्यावा. चालू देऊ नये. चावलेला अवयव फळीस हलकेच बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, कडे काढावे. घट्ट आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये, पाला लावू नये. साप मारण्यात वेळ दवडू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अथवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पविषावर खरा उतारा एकच, प्रतिविषाची लस. ती घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात.

उपयोजन

(अ) मुलांनी घरी पुढील गोष्टी पाहाव्यात : निजणारे बाजेवर वा मच्छरदाणीत निजतात का? कडब्याची गंजी व सरपण घरापासून दूर आहे का? रात्री बाहेर जाताना बॅटरी व पायांत वहाणा असतात का?
(आ) प्रत्येक मुलाने वरील टिपण वहीत उतरवून घरी मोठ्याने वाचून दाखवावे.
(इ) प्रतिविषाची लस कोणत्या जवळच्या रुग्णालयात मिळते व तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, याची शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वी स्वतः चौकशी करावी आणि ती माहिती शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. दंशाच्या रात्री ही चौकशी करण्यास सवड नसते.