बाळंतविड्यात जाळी नको

पोरी, सुया हातात घेतल्याच आहेस, तर माझी काही मतं ऐकून ठेव. विणणाऱ्या बायकांना ती सहसा पटत नाहीत. तरी मी ती सोडलेली नाहीत, कारण ज्याच्या अंगावर स्वेटर जाणार आहे त्याचा विचार आधी आणि आपल्या हातच्या कलेचा नंतर, असं मी मानते.

सगळ्यात जास्त वाद होतो तो बाळंतविड्यावरून. जाळीचे मोजे, टोपड्याला सॅटिनची रिबीन, कुंचीला मोती, हे सगळं बाळ बघायला येणाऱ्यांसाठी असतं. जाळीत बाळाची बोटं अडकतात. मोज्याच्या आत सुटा धागा राहिला तर तो पायाच्या बोटाला वेढे घेतो आणि बोटाचं रक्त अडतं. बाळ रडत राहतं आणि घरच्यांना वाटतं, पोट दुखतंय. म्हणून मोजा झाला की उलटा कर, आतून बोट फिरव, एकेक टोक विणीत ओवून टाक. दोन रंगांची नक्षी मोज्यावर नकोच, तिचे मागचे धागे आत लोंबतात. टोपड्याला बांधायचे बंद नकोत, झोपेत ते गळ्याशी येतात. केसाळ लोकर तान्ह्या बाळाला वापरू नकोस, तिचे तंतू तोंडानाकात जातात. दाट साधी वीण, मऊ धागा आणि घट्ट शिवलेलं चपटं बटण, एवढ्यावर बाळंतविडा सुंदर दिसतो. हे मी मनापासून सांगते.

शिवाय नवजात बाळाच्या मापाचं काही विणू नकोस. जन्मतः छातीचा घेर साधारण 13 इंच असतो, वर्षाचं होईपर्यंत तो 18 च्या आसपास जातो. आधी महिने मोज. वैशाखात जन्मलेलं बाळ स्वेटर घालणार मार्गशीर्षात, तेव्हा ते सात महिन्यांचं असेल. त्या मापात दोन इंच ढिलाई धर आणि गळा खांद्यावर किंवा पुढून उघडणारा ठेव. बाळाचं डोकं मोठं असतं, अरुंद गळ्यातून ओढून काढताना ते घाबरतं.

अस्सल लोकरीशिवाय विणणं म्हणजे विणणंच नव्हे, हे मला मान्य नाही. लोकर गुणी आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा ती पोटात घेते, तरी ओली लागत नाही. पण गरम पाण्यात घालून चोळली की आटून घट्ट होते, आणि बाळंतिणीच्या घरी हलक्या हाताने धुवायला वेळ कुणाला आहे? मुंबईत आणि कोकणात तर सुती धाग्याचं विण. दुकानात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ते धुवायला सोपे आणि स्वस्त, मोठ्यांच्या स्वेटरला चालतात. मात्र ॲक्रिलिक घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळतं, म्हणून स्वयंपाकघरात घालायच्या कपड्याला ते नको. शंका आली तर बोटभर धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटव. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिकचा कडक काळा मणी होतो.

आता मापाच्या तुकड्याबद्दल. चार इंचांचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून टाके मोजायचे, याचा सगळ्यांना कंटाळा. हिशेबच बघ. चार इंचांत 22 टाके बसत असतील तर 198 टाक्यांचा घेर 36 इंच होतो. तुझा हात जरा घट्ट असला आणि 24 बसले, तर तेच टाके 33 इंचांवर येतात. दोन टाक्यांनी तीन इंच गेले, म्हणजे स्वेटर अंगात जाणार नाही. पुस्तकात लिहिलेल्या सुईच्या नंबरावर तर मुळीच विसंबू नकोस. आपल्याकडे जुना इंग्रजी नंबर चालतो, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, त्यांची 8 नंबरची 5 मिलिमीटरची. मिलिमीटर बघूनच सुई घे.

हा हिशेब एकदा हातात बसला की छापील नमुन्यांची फार गरज राहत नाही. एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी 1971 सालच्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’मध्ये हेच शिकवलं. एका इंचातले टाके गुणिले छातीचा घेर, हा मूळ आकडा. बाही, गळा सगळं त्याच्या टक्केवारीत काढायचं. आपल्याकडच्या जुन्या बायका वितीने मापून जे करायच्या, त्याच्या हे फार जवळचं आहे.

नवशिकीला मफलर विणायला देऊ नये, असंही माझं मत आहे. हातभर झाला की कंटाळा येतो. त्यातून एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण घेतली तर कडा आत वळतात आणि मफलरची नळी होते. पहिल्यांदा टोपी विण. चार दिवसांत होते, टाके घालणं, कमी करणं, बंद करणं सगळं तीत येतं आणि कुणीतरी ती लगेच घालतं. मफलरच हवा असेल तर सगळ्या ओळी सुलट विण, तो सपाट राहतो.

लोकर घेताना लागेल त्याहून एक गुंडा जास्त घे आणि सगळे एकाच लॉट नंबरचे आहेत ना ते बघ. नंतर आणलेला गुंडा उजेडात वेगळा दिसतो. स्वेटर देशील तेव्हा उरलेली लोकर आणि एक जादा बटण पुडीत घालून सोबत दे. कोपर विरलं की तीच लोकर लागते.