बंद पिंपांतील जुन्या औषधाचा नमुना

हरसूलसारख्या भात-नागलीच्या व भारी पावसाच्या मुलखांत चार महिने ओल हटत नाहीं. पत्र्याचा डबा गंजतो, वरील कागद गळून पडतो, आणि आंत काय आहे हें घरधन्यासही सांगतां येत नाहीं. बी. एच. सी. वर १९९७ सालीं व एंडोसल्फानवर २०११ सालीं बंदी आली. तत्पूर्वीं घेतलेला माल कोणाच्या माळ्यावर उरला असल्यास तो आतां औषध नसून विषारी कचरा होय. असा डबा उघडून वासावरून ओळखण्याची रीत आम्हांस अत्यंत घातक वाटते. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले. तें विष तर उघड्या शिवारांत होतें, कोंदट माळ्यावर नव्हे.

डबा प्रथम न हलवितां दुरून पाहावा. तो फुगलेला दिसल्यास आंत वायूचा दाब आहे असें समजावें. बुचाभोंवतीं खडे जमले असल्यास झांकणास हातच लावूं नये, कारण कांहीं पदार्थ नुसत्या घर्षणानें भडकतात. धान्यासाठीं वापरावयाच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचें भय याहून मोठें. त्यांस ओल लागतांच फॉस्फीन नांवाचा प्राणघातक वायु सुटतो व तो पेटूंही शकतो. म्हणून त्यांवर पाणी कदापि ओतूं नये.

जाणते लोक द्रव पदार्थाचा नमुना कसा घेतात तें पाहण्याजोगें आहे. मुखवटा व हातमोजे घालून, वारा पाठीवर घेऊन, ठिणगी न पाडणाऱ्या हत्यारानें ते बूच किंचित् सैल करितात आणि फुसफुस थांबेपर्यंत वाट पाहतात. मग कांचेची लांब पोकळ नळी सावकाश तळापर्यंत सोडून, वरचें तोंड दाबून ती उचलतात. तोंडानें ओढणें सर्वस्वीं वर्ज्य. जुन्या द्रवाचे थर पडतात. वरचेंच घेतल्यास तेल मिळेल आणि विष तळाशीं राहील. अडतदार पोत्यांत पोकळ सळई खुपसून तळचे दाणे पाहतो, त्यांतलाच हा प्रकार. बाटली मात्र कांठोकांठ भरीत नाहींत.

विक्रीच्या मालाचा नमुना घेण्याचा अधिकार १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानें निरीक्षकास दिला आहे. त्याचे तीन भाग मोहोरबंद होतात: एक मालकास, एक पृथक्करणास, एक न्यायालयासाठीं. दुकानदाराशीं तंटा असल्यास बंद डबा व पावती जपून ठेवावी.

घरच्या जुन्या डब्याचा नमुना शेतकऱ्यानें स्वतः काढूं नये. डबा गळत नसल्यास उभा, कुलुपांत, दाणावैरणीपासून दूर ठेवून तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यांस कळवावें. ओढ्यांत ओतूं नये, दुसऱ्या बाटलींत तर मुळींच नाहीं.